ओटीएफ की टीटीएफ? मराठी पुस्तकासाठी फॉन्टची फाइल निवडताना

"छपाईसाठी ओटीएफ घ्या, स्क्रीनसाठी टीटीएफ." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असणार. डिझाइनच्या वर्गात सांगतात, यूट्यूबवरच्या व्हिडिओत सांगतात, प्रेसवाले फोनवर सांगतात. इंग्रजी पुस्तक छापणाऱ्याला हा सल्ला ऐकून फार नुकसान होत नाही, फार फायदाही होत नाही. मराठी पुस्तक छापणाऱ्याला मात्र तो सरळ चुकीच्या दिशेनं पाठवतो, आणि याचा त्रास पुस्तक छापून झाल्यावर, कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी होतो. माझं संशोधन १९९० नंतरच्या मराठी नियतकालिकांच्या भाषेवर आहे. त्यामुळे ही दहा-पंधरा वर्षांनंतरची बाजू मला रोज बघावी लागते. आज या सल्ल्याची जरा चिरफाड करू.

आधी त्यात खरं किती आहे ते बघू. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक बाह्यरेषा असते आणि ती रेषा वक्रांनी बनलेली असते. ॲडोबीनं १९८४ साली पोस्टस्क्रिप्टबरोबर टाइप वन फॉन्ट आणले, त्यात हे वक्र त्रिघाती समीकरणाचे होते. ॲपलनं १९९१ मध्ये ट्रूटाइप आणलं, त्यात द्विघाती. द्विघाती वक्राला तीच गोलाई काढायला जास्त बिंदू लागतात. पुढे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी मिळून ओपनटाइप जाहीर केलं, आणि त्यात दोन्ही प्रकारचे वक्र चालतील असं ठरलं. साधारणपणे फाइलच्या नावाच्या शेवटी ओटीएफ असेल तर आत त्रिघाती वक्र, टीटीएफ असेल तर द्विघाती. टाइप वन हे व्यावसायिक छपाईचं, म्हणून त्याचा वारसदार ओटीएफ छपाईचा, असा तर्क तिथून आला. ट्रूटाइपमध्ये स्क्रीनवरच्या ठिपक्यांशी अक्षर जुळवून घेण्याच्या सूचना, म्हणजे हिंटिंग, फार बारकाईनं देता यायच्या. म्हणून ते स्क्रीनचं.

आता हिशोब करा. १० पॉइंटचं अक्षर ९६ डीपीआयच्या स्क्रीनवर जेमतेम १३ ठिपके उंचीच्या चौकटीत बसतं. तिथे एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर 'घ'चा 'ध' होतो, तेव्हा हिंटिंग हवंच. तेच अक्षर २४०० डीपीआयच्या प्लेटवर ३३३ ठिपक्यांच्या चौकटीत येतं. ओटीएफमध्ये ही चौकट बहुधा १००० एककांची असते आणि टीटीएफमध्ये २०४८ एककांची. म्हणजे प्लेटवरच्या एका ठिपक्यात दोन्हीकडची तीन किंवा सहा एककं मावतात. वक्र दोन घातांचा की तीन, हा फरक प्लेटवर पोचतच नाही, आणि कागदावर शाई पसरल्यावर तर सोडाच. अक्षर काढणाऱ्या डिझायनरला या फरकानं काम सोपं-अवघड होतं, हे खरं. वाचकाला नाही.

म्हणजे फाइलच्या नावामागची ती तीन अक्षरं छपाईच्या दृष्टीनं सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट सांगतात. महत्त्वाच्या गोष्टी ती सांगतच नाहीत.

पहिली गोष्ट: आतलं अक्षर कोणत्या क्रमांकावर बसवलंय. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, म्हणून इंग्रजी सल्ल्यात तो नसतो. आपल्याकडे डीटीपी सुरू झालं तेव्हा फॉन्टमध्ये २५६ च खण होते, आणि त्यातलेही काही संगणकानं स्वतःसाठी राखून ठेवलेले. देवनागरीची पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या एवढ्याशा खणांत कोंबायची म्हणून प्रत्येक कंपनीनं आपापली मांडणी केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले. एकाकडे 'क' जिथे, तिथे दुसऱ्याकडे उकाराचा तुकडा. खिळे जुळवणाऱ्याच्या केसमध्ये कोणता खिळा कुठल्या खणात हे जसं प्रेसगणिक बदलू शकायचं, तसंच हे. फरक इतकाच, की खिळा हातात घेतला तर त्यावरचं अक्षर दिसतं. इथे फॉन्ट काढून घेतला तर मागे उरतात डॉलर, कंस आणि कॅपिटल अक्षरांचा चिवडा.

आणि हे फॉन्ट बहुतेक टीटीएफच होते. आज एक टाइपच्या 'मुक्त' या फॉन्टची फाइलही टीटीएफच असते. नाव एक, चिन्ह एक, आत दोन वेगवेगळी जगं. एकात 'क' हा युनिकोडमधला 'क' आहे, तो जगातल्या कुठल्याही संगणकाला 'क' म्हणून कळतो. दुसऱ्यात तो फक्त 'क'सारखा दिसतो. तुमच्याकडचा फॉन्ट यातला कुठला, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. वर्डमध्ये त्या फॉन्टमधला मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी कचरा झाला तर जुना.

इथे एक गैरसमज फार पसरलाय, तो खोडायलाच हवा. जुना टीटीएफ फॉन्ट एखाद्या संकेतस्थळावर टाकून ओटीएफ करून घेतला म्हणजे तो आधुनिक झाला, असं लोक समजतात. डब्यावरचं लेबल बदललं, डाळ तीच. खणांची मांडणी जशीच्या तशी राहते. उलट चांगला युनिकोड फॉन्ट अशा यंत्रातून काढलात तर जोडाक्षरांचे नियम वाटेत गळण्याचीच भीती. परवान्याचा प्रश्न वेगळाच.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं का सांगतोय? माझ्या अभ्यासासाठी एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या सीडी मिळाल्या. पेजमेकरच्या फाइली, सगळ्या शाबूत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोड कधी आलंच नाही. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या फाइली उघडायच्या, नंतरच्या उघडत नाहीत. तेही जुळवलं. पण फॉन्ट? ज्या ऑपरेटरनं काम केलं तो फॉन्टची फाइल आणि त्याचं डोंगल घेऊन केव्हाच दुसरीकडे गेलेला. छापील अंक कपाटात आहेत, ते वाचता येतात. डिजिटल फाइल, जी खरं तर टिकायला हवी होती, ती कागदाच्या आधी मेली.

रूपांतरक असतात की, असं तुम्ही म्हणाल. असतात, मीही वापरतो. पण ते का अडखळतात हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं टाइप होतात. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. 'अर्थ' लिहिताना आधी 'थ', मग वरचा रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. तेवढी उलटापालट यंत्राला शिकवता येते. पण त्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या अक्षरांसाठी वेगवेगळ्या वेलांट्या असायच्या, आणि ऑपरेटर डोळ्याला बरी दिसेल ती घ्यायचा. त्यामुळे 'किती' हा एकच शब्द एकाच अंकात तीन तऱ्हांनी टाइप केलेला सापडतो. कागदावर तिन्ही सारखे. शोधायला गेलात तर तीन वेगळे शब्द. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला, शब्द मोजणाऱ्याला, उद्या कोश करणाऱ्याला हे म्हणजे तांदळात खडे.

जुन्या फॉन्टना चिकटून राहणाऱ्यांना मात्र मी मूर्ख म्हणणार नाही. ऑपरेटरची बोटं वीस वर्षं एका कीबोर्डवर बसलेली असतात आणि त्याला पानाच्या हिशोबानं पैसे मिळतात. शिवाय त्या फॉन्टांतली काही अक्षरं खरोखर देखणी आहेत. दिवाळी अंकाच्या मथळ्यासाठी पंचवीस वळणं समोर मांडणारा एखादा जुना संच आणि मोजकी पाचसहा वळणं देणारे मोफत युनिकोड फॉन्ट, यांत कलाकार कुठे वळेल? आणि मोठा काळ सॉफ्टवेअरच तयार नव्हतं. इनडिझाइनमध्ये मराठीसकट दहा भारतीय भाषा अधिकृतपणे आल्या त्या २०१२ साली, सीएस६ मध्ये. त्याआधी युनिकोड वापरा म्हणणं हे पोहायला ये पण पाण्याचं नंतर बघू, असं होतं. आज मात्र ही सबब उरलेली नाही. मथळ्यासाठी वापरा जुना फॉन्ट, मुखपृष्ठावर वापरा, हरकत नाही. तीनशे पानांचा मजकूर त्यात लावणं म्हणजे तो मजकूर कुलपात घालून किल्ली ऑपरेटरच्या खिशात ठेवणं.

दुसरी गोष्ट, जी फाइलचं नाव सांगत नाही: जोडाक्षरांचे नियम. युनिकोड फॉन्टमध्ये 'क', हलन्त आणि 'ष' आले की 'क्ष' दाखव, असे नियम फॉन्टच्या पोटातल्या तक्त्यांत लिहिलेले असतात. हे तक्ते ओपनटाइपचे, पण ते टीटीएफ नावाच्या फाइलमध्येही बसतात, कारण ओपनटाइपची चौकटच ट्रूटाइपची आहे. तेव्हा 'टीटीएफ म्हणजे ओपनटाइप नव्हे' हेही खोटं. नियम किती आणि कसे लिहिलेत हे फॉन्ट करणाऱ्यावर. अनेकदा फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला असतो आणि मराठी त्यात 'चालून जाते'. चालून जाते म्हणजे काय, ते बघायला हे शब्द टाइप करा: आचार्यांना, आचाऱ्यांना. दर्या, दऱ्या. पहिल्या जोडीत एकीकडे गुरुजी, दुसरीकडे स्वयंपाकी. दुसरीत एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरातली खोल जागा. फॉन्टला हा अर्धा 'र' नीट येत नसेल तर रफार चढतो, नाहीतर 'र'खाली नुक्ता लटकतो. मग 'ॲसिड' टाइप करा. हे 'ॲ' अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसणार, तिथे चौकोन दिसेल. मग लठ्ठ, विठ्ठल, उद्ध्वस्त, ब्रह्म, वाङ्मय. दोन मिनिटांची परीक्षा आहे आणि ओटीएफ-टीटीएफच्या दोन तासांच्या चर्चेपेक्षा उपयोगी.

हीच परीक्षा ज्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक लागणार आहे तिथेही घ्या. वर्डमध्ये नीट दिसणारा फॉन्ट इनडिझाइनमध्ये तुटका दिसला तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा नसतो. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावलेला नसतो, इतकंच. फॉन्टला शिव्या देऊन परत जुन्याकडे गेलेले लोक मी पाहिलेत.

'ल' आणि 'श' यांचं प्रकरण आणखी वेगळं. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श', हिंदीत वेगळं वळण. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानंतर हा विषय बराच गाजला. युनिकोडला दोन्ही वळणं एकच अक्षर वाटतात, आणि ते बरोबरच आहे. वळण निवडायची सोय ओपनटाइपमध्ये आहे: मजकुराची भाषा मराठी असं सॉफ्टवेअरनं फॉन्टला कळवलं की फॉन्ट मराठी वळण देतो. कागदावर सुंदर योजना. प्रत्यक्षात परिच्छेदाची भाषा इंग्रजीच राहिलेली असते, किंवा मजकूर चिकटवताना बदलते, आणि एकाच पुस्तकात पान ४० पर्यंत मराठी 'ल', पुढे हिंदी.

यावर टिरो टाइपवर्क्सनं काढलेला तोडगा मला पटतो. त्यांनी टिरो देवनागरी तीन वेगळ्या फाइलींत दिलाय, हिंदी, मराठी आणि संस्कृत. मराठीची फाइल घेतली की मराठी वळणच मूळ धरलेलं, सेटिंगवर भिस्त नाही. तंत्राच्या दृष्टीनं हे थोडं मागं जाणं आहे, शुद्धतावाद्यांना आवडणार नाही. पण प्रेसला पाठवायच्या कामात जी गोष्ट विसरता येत नाही ती चांगली. हा फॉन्ट मूळचा पुस्तकी आहे, जाड-बारीक रेषांचा, लांब वाचनाला डोळा शिणत नाही. तक्रार एकच, पण मोठी: यात साधं आणि तिरकं एवढंच आहे, ठळक नाही. मराठी पुस्तकात तिरक्याची परंपरा ती केवढी! आपल्याला उपमथळ्याला ठळक लागतं. मग ऑपरेटर अक्षराला बाहेरून रेघ मारून जाड करतो, 'ष'चं पोट बुजतं, आणि फॉन्टकारानं घेतलेली सगळी मेहनत पाण्यात. उलट 'मुक्त'मध्ये सात वजनं आहेत, पण त्याची रेघ जवळपास एकसारख्या जाडीची. पोस्टर, पत्रक, पाठ्यपुस्तकातले तक्ते यांना छान. कादंबरी मी त्यात लावणार नाही. दोन्ही एकत्र वापरा, मजकुराला टिरो आणि मथळ्याला मुक्तचं जाड वजन, हा माझ्या मते आज मोफत मिळणारा बरा मेळ आहे.

बाकीचे प्रकार पटकन उरकतो. वॉफ आणि वॉफ-टू ही संकेतस्थळांसाठी आवळलेली पाकिटं, छपाईला त्यांचा उपयोग नाही. व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एका फाइलमध्ये सगळी वजनं, २०१६ पासून आहेत, पण पुस्तकासाठी त्याच फॉन्टच्या सुट्या फाइली घ्या. गूगल फॉन्ट्सच्या झिपमध्ये अनेकदा 'स्टॅटिक' नावाच्या फोल्डरमध्ये त्या असतात. टाइप वन, म्हणजे पीएफबी आणि पीएफएम अशी जोडी दिसली तर समजा की ते संपलं. ॲडोबीनं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून त्याचा आधार काढून घेतला. जुन्या पीडीएफमध्ये आधीच बसलेले टाइप वन छापले जातील, नव्यानं मजकूर लावता येणार नाही.

आता प्रेसकडून येणारी ती प्रसिद्ध सूचना: "फॉन्ट कर्व्ह करून पाठवा." म्हणजे अक्षरांची अक्षरं न ठेवता नुसती चित्रं करून द्या. ही भीती ज्या काळातली आहे त्या काळात ती योग्य होती. फाइल एकीकडे, फॉन्ट दुसरीकडे, आणि आउटपुट सेंटरच्या संगणकावर फॉन्ट नसला की पानंच्या पानं इंग्रजीत. आज पीडीएफ-एक्स प्रमाणात वापरलेले सगळे फॉन्ट फाइलमध्ये बसवणं सक्तीचंच आहे. आणि एक गोष्ट प्रेसवाल्यांनाही सांगा: पीडीएफ तयार होईपर्यंत जोडाक्षरांचं सगळं काम झालेलं असतं. आत फक्त अमुक आकृती अमुक जागी, एवढंच उरतं. त्यांच्या यंत्राला देवनागरी 'कळायची' गरजच नसते. मुखपृष्ठाची चार अक्षरं करा कर्व्ह. आतला मजकूर कर्व्ह केलात तर शेवटच्या क्षणी सापडलेली अनुस्वाराची चूक दुरुस्त करता येत नाही, लेझर प्रूफवर अक्षर किंचित फुगतं, आणि साठवलेली फाइल म्हणजे तीनशे चित्रं. काही फॉन्टच्या परवान्यात पीडीएफमध्ये बसवायलाच मनाई असते आणि तसा शिक्का फाइलमध्येच असतो. मग लोक कर्व्हची पळवाट काढतात. असा फॉन्ट पुस्तकाला घेऊच नये, हे सुरुवातीलाच तपासा.

पण कर्व्ह न केलेली पीडीएफ म्हणजे मजकूर सुरक्षित, असंही धरू नका. आकृत्या दिसण्याच्या क्रमानं ठेवल्या असल्यामुळे उत्तम युनिकोड फॉन्टमधल्या पीडीएफमधूनही मराठी मजकूर उचलला की वेलांट्या आणि रफार भलत्याच जागी पडतात. माझ्या संग्रहात २०१५ नंतरची कितीतरी पुस्तकं अशी आहेत, सगळं नियमाप्रमाणे केलेलं आणि तरी यंत्राला वाचता न येणारं. कारण प्रकाशकाकडे फक्त छपाईची पीडीएफ उरली.

म्हणून ऑपरेटरशी बोलणी करतानाच, पैसे ठरवतानाच, हे ठरवून घ्या: छपाईच्या पीडीएफबरोबर इनडिझाइनची मूळ फाइल मिळेल, तिची आयडीएमएल प्रतही मिळेल, वापरलेल्या फॉन्टच्या फाइली आणि त्यांचे परवाने मिळतील, आणि शेवटच्या दुरुस्त्यांनंतरचा सगळा मजकूर एका साध्या युनिकोड टेक्स्ट फाइलमध्ये मिळेल. ऑपरेटर कुरकुर करेल, थोडे जास्त पैसे मागेल. द्या. ती टेक्स्ट फाइल मिळाल्यावर उघडून त्यात 'ऱ्या' शोधून बघा. काही जण हा अर्धा 'र' वेगळ्या तऱ्हेनं, साध्या 'र'पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून टाइप करतात. दिसायला सारखाच, शोधताना मात्र सापडत नाही. दोन्ही प्रकार निघाले तर सगळे एकाच प्रकारात बदलून घ्या, आणि मगच पहिल्या आवृत्तीचं बिल चुकतं करा.